खिशातले हात

"दहा वर्षांनी तू काढशील ती चित्रं ही," संपादक टिपणीसबाई म्हणाल्या. शाल्मलीचा पोर्टफोलिओ पाहून त्यांच्या कचेरीतल्या यंत्रानं ती चित्रं आत्ताच काढून ठेवली होती. "छान आहेत. आजच करार करू. तुला काढायचेही कष्ट नकोत."

शाल्मलीनं पडदा निरखला. सगळ्या माणसांचे हात खिशात, पदराआड, नाहीतर पाठीमागे. म्हणजे दहा वर्षांनीही तिला हात जमणार नव्हतेच!

"नको, बाई," ती म्हणाली. तिथून तडक मंडईत गेली आणि मग रोज तिथे जाऊन मेथी निवडणारे, नारळ सोलणारे हात वहीत काढत बसली.

पुढच्या खेपेला वहीची तीच पानं तिनं यंत्राला दाखवली. यंत्रानं दहा वर्षांनंतरची चित्रं पुन्हा काढली, तेव्हा पडद्यावरच्या एका म्हाताऱ्याचा हात खिशाबाहेर आला होता. बोटं अजून भेंडीसारखीच होती.

शाल्मलीनं पेन्सिलीला टोक केलं.