किल इट

हॉटेलातल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या वग्दीला पोलिसांनी कैरोबाहेरच्या नाक्यावर बसमधून उतरवलं. त्याच्या मोबाईलवर मित्राला पाठवलेला इंग्रजी मेसेज सापडला: “हॉटेलात किल इट करणार!” त्याच्या आईचा रडवेला फोन येताच त्याला इंग्रजी शिकवणाऱ्या नगलाबाई निघाल्या. नवऱ्याने दार अडवलं. “तू कशाला त्यात पडतेस?” “शब्द मी शिकवलाय. दुसरं कोण सांगणार?” ठाण्यात अधिकाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. “कुणाला मारणार होता तो?” “साहेब, किल इट म्हणजे बाजी मारणं.” “म्हणजे मारणं आलंच.” “तसं नव्हे हो! मुलाखत झकास देईन, एवढंच. इंग्रजी बोलणारी पोरं सर्रास असंच बोलतात.” आतून वग्दीची किंकाळी आली. बाई ताडकन उठल्या. “पाया पडते, सोडा त्याला. मीच शिकवलंय.” अधिकाऱ्याने दाराला कडी घातली. “बोला, बाई. ही सांकेतिक भाषा आणखी कुणाकुणाला शिकवलीत?”