बिनसाखरेचा चहा

मूल व्हावं म्हणून सुनेचे उपचार सुरू झाले, त्या दिवशी सासूबाईंनी चहातली साखर सोडली. उपचार फसले, तरी त्यांचा चहा बिनसाखरेचाच राहिला. त्यांचा एकेक घोट सुनेला टोमण्यासारखा बोचायचा. तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. पुसलेला ओटा ती पुन्हा पुसायची, घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसायची.

आज सकाळी नवरा घाईघाईत एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून कामाला निघाला.

"अहो, निदान दोन्ही पाय एकाच गावाला न्या," म्हणता म्हणता तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

तेवढ्यात सासूबाईंनी आपला कप पुढे केला. "दोन चमचे साखर घाल गं."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. "आई, म्हणजे तुम्हीसुद्धा आशा सोडलीत?"

"छे गं. दवाखान्यातून रडत आलीस ना, त्याच दिवशी मी देवाकडचं मागणं बदललं."



सासूबाईंनी कप तिच्या हातात दिला. "म्हटलं, देवा, नातवंडाचं तुझं तू बघ, आधी माझी पोर हसू दे, मगच साखर तोंडात घालीन."