टाचणी आणि सुई

भिंगातून बघून बघून ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरच्या बाटल्यांत आजच ओढ्यावरून जिवंत आणलेल्या, चतुरासारख्याच पण काडीएवढ्या दोन टाचण्या होत्या. दोघी निळ्या, दोघींचे डोळे हिरवे. जाती वेगळ्या आहेत हे दाखवता आलं नाही, तर उद्या सर तिचं तीन वर्षांचं संशोधन गुंडाळायला लावणार होते.

शेजारी मशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या घरमालकीण अक्काताई उठल्या, बाटल्यांत डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“आगं, एवढ्यासाठी तीन वर्षं? ही टाचणी, ती सुई.”

“दोन्ही टाचण्याच हो, अक्काताई.”

“मग घाल की दोन्हीत दोरा! टाचणीला डोकं असतंय, सुईला कुठलं? शेपटाकडं बघ. ओढ्यावर धुणं धुताना आमी पोरी अशाच वळखायचो.”

ऋजुतानं भिंग सरकवलं. एकीच्या शेपटीच्या टोकाला खसखशीएवढी गोल गाठ होती; दुसरीचं टोक नुसतंच निमुळतं. इतकी वर्षं ती टाचणीलाच टाचणी टोचून, वाळवून बघत आली होती, आणि वाळली की ती गाठ बसून जायची!

तिनं भराभर फोटो काढले, खिडकीत दोन्ही बाटल्या उघडल्या, गळ्यातल्या टेपसकट अक्काताईंना मिठी मारली आणि सरांना फोन लावला.

“शाब्बास!” सगळं ऐकून सर म्हणाले. “आता नव्या जातीला नाव काय देणार?”

“नाव आहे, सर,” ती हसत म्हणाली. “फक्त आपल्यालाच माहीत नव्हतं.”