नकली काढा

आमच्या प्रयोगशाळेत एका चिनी काढ्याची चाचणी चालू आहे. हृदयाच्या धमन्यांत साचलेली चरबी त्याने कमी होते का, ते बघायचंय. निम्म्या रुग्णांना खरा काढा मिळतो, निम्म्यांना नकली, आणि कोणाला कुठला ते त्यांना कळू द्यायचं नाही. नकली मी बनवतो. तितकाच काळा, तितकाच कडू, औषधाचा मात्र थेंब नाही. एक गोष्ट तेवढी मला जमली नाही: खऱ्याने जीभ बधिर होते, माझ्याने होत नाही.

मला न विचारता बाबांनी याच चाचणीत नाव घातलं. आज त्यांच्या बाटलीत बोट बुडवून चाटलं, तर जीभ ठणठणीत.

"बाबा, सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनला जाताय ना?"

"तेच ठरत नाहीये. काढ्याने बरं वाटतंय रे. जिना चढताना छाती आवळायची, ती आता कमी आवळते."

नोकरी गेली खड्ड्यात म्हटलं. "बाबा, ते औषध नाहीये. नुसतं कडू पाणी आहे. मी स्वतः बनवलंय!"

बाबा बाटलीकडे बघत राहिले. "तू बनवलंयस?"

"हो! या हातांनी!"

जन्मात माझ्या एकाही कामाला बरं न म्हणणाऱ्या माणसाचे डोळे भरून आले. मग त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला.

"सोमवारचं रद्द करा. औषध घरचंच निघालं."