सतराचा पाढा

"सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न," सत्यभामेच्या पोटावर ठेवलेला मोबाइल खणखणीत आवाजात म्हणत होता. आतल्या बाळाला बहुतेक उचकी लागली होती. बाहेर ओसरीवर तिचा भाऊ कैलाश चहावर चहा पीत बसला होता. काल तिची ओटी भरून झाली. आज तो तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आला होता. पूर्वी असा भाऊ आला की दारात दमणी उभी असायची, आणि ताटकळलेल्या बैलांकडे बघून तरी सासू लवकर निरोप द्यायची. आता अंगणात ऑटोरिक्षा होती. तिच्याकडे बघून कोणाला दया येणार?

"तुमच्या गावात नेटवर्क रायते का?" सासूबाईंनी, म्हणजे देवकाबाईंनी, कैलाशला विचारलं.

"तालुक्याले, देवरीत रायते, मावशी. आमच्या गावात नाही. शाळेमागच्या टेकडीवर चढलं की येते."

"मंग सातव्या महिन्याची बाई टेकडी चढंल का पाढ्यासाठी? नाही पाठवत."

सत्यभामेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला आईजवळ निजायचं होतं, अंबाडीची भाजी खायची होती, आणि मुख्य म्हणजे कोणी काही शिकवत नसेल अशा जागी झोपायचं होतं. दवनीवाड्याच्या या घरात सकाळी पाढे, दुपारी इंग्रजी आणि संध्याकाळी राज्यांच्या राजधान्या असा पोटातल्या बाळाचा वर्ग भरे. डोळा लागला की सासूबाई आवाज वाढवत.

याला कारण तिचा नवरा विक्की. दहावीच्या गणितात तो इतक्यांदा बसला की परीक्षा केंद्राचा शिपाई त्याला घरच्यांची खुशाली विचारायचा. आता त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा जोरात होता आणि हिशेब सत्यभामा बघायची. पण नातवाचं डोकं पोटातच पक्कं करून घ्यायचं, हा देवकाबाईंचा निश्चय होता.

सत्यभामेनं नणंदेकडे बघितलं. भूमिका ओटीसाठी हैदराबादहून आली होती. तिथल्या एका प्रयोगशाळेत ती माशांच्या अंड्यांत मेंदू कसा तयार होतो ते पाहत असे. गावात तिला सगळे मेंदूवाली म्हणत, आणि देवकाबाई ते ऐकून फुलून जात.

"ताई, तुम्हीच सांगा न आता."

भूमिकानं आधी मोबाइल बंद केला. घरात एकदम शांतता झाली.

"आई, माशाचं अंडं काचेसारखं असते. आतलं सगळं दिसते. आधी नुसता पेशींचा गोळा. सगळ्या पेशी सारख्या. प्रत्येकीजवळ त्याच जीन्स, म्हणजे पूर्ण घराच्या किल्ल्यांचा जुडगा म्हण. पण सगळी कपाटं कोणीच उघडत नाही. डोक्याकडची पेशी एक कपाट उघडते, शेपटीकडची दुसरं. बाकीची बंद ठेवायची. कोंबडीत तसंच, माणसात तसंच. त्यातूनच पुढं मेंदू आणि मागं पाठीचा दोर."

"कोणतं कपाट उघडायचं ते कोण सांगते?"

"शेजारच्या पेशी खुणावतात. तू मेंदू हो, तू पाठ हो."

"शेजारी ठरवतात?" देवकाबाईंनी मान हलवली. "मंग आपल्या गावासारखंच हाय."

"आणि माणसात ही मांडामांड सुरू होते तेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट कळलंही नसते. तू मोबाइल ठेवला तेव्हा मेंदू कधीचाच मेंदू झाला होता."

"मंग आता सगळं संपलं का?"

"संपलं काऊन? अजून वाढून राहिला तो. जन्मल्यावरही वाढंल. त्याले वहिनीचं खाणं, गोळ्या, झोप लागते. पाढा ऐकून त्याचं कोणतंच कपाट उघडत नाही. उलट वहिनीची झोप उडते."

दारात उभा राहून विक्की मन लावून ऐकत होता. "मंग माझं कोणतं कपाट बंद रायलं, भूमिका?"

"काहीच बंद नाही रायलं, दादा. तू अभ्यास नाही केला."

कैलाशला ठसका लागला. देवकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या लेकीच्या अगदी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दारू-तंबाखू सोड, पण पोटुशी असताना मायनं काही पाह्यलं, काही आयकलं, त्यानं पोट्ट्याचं डोकं बिघडत नाही? खरं सांग."

"नाही बिघडत, आई."

"नक्की?"

"नक्की."

देवकाबाई लगबगीनं वळल्या आणि सुनेच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबला. "काऊन बसली मंग? जा. भाऊ कधीचा वाट पाहून रायला. तिकडं पोटभर झोप."

सत्यभामेनं वाकून नमस्कार केला आणि सासूचं मन बदलायच्या आत ऑटोत जाऊन बसली. ऑटो सुरू झाल्यावर तिला आठवलं, लोहाच्या गोळ्या भिंतीतल्या देवळीतच राहिल्या. ती उतरून, चपला काढून पुन्हा आत आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

आतल्या खोलीत देवकाबाई भिंतीवर टांगलेल्या आपल्या सासूच्या फोटोसमोर उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, एक हात कमरेवर.

"आयकलं का, आत्याबाई?" त्या फोटोला म्हणत होत्या. "मरेपर्यंत मले बोल लावला न? पोट्टा गणितात ढ निघाला, तो मी सातव्या महिन्यात रातभर दंडारीचा नाच पाह्यला म्हून नाही."