पहिल्या बाकावरची वेणी

त्र्याहत्तर साली सोलापूरच्या त्या कॉलेजात मुली सरांच्या पाठोपाठ वर्गात येत, पहिल्या बाकावर बसत आणि तास संपला की सरांच्या पाठोपाठच जात. त्यामुळे शेवटच्या बाकावरच्या चन्नप्पाला रत्नाची फक्त वेणी ठाऊक होती, आणि तेवढ्यावरच तो पार खुळा झाला होता. तिच्या वडिलांना जावई फर्स्टक्लासच हवा असं कळल्यावर पठ्ठ्यानं घासून अभ्यास केला, फर्स्टक्लास आणला आणि लग्न जमवलं.

लग्नानंतर आईनं जोडप्याला सिद्धेश्वराच्या दर्शनाला काढलं. रीतीप्रमाणं नवरा पुढं, बायको मागं. चन्नप्पानं हळूच मान वळवली.

"पुढं बघून चाल की," आई म्हणाली. "लोकं बघायलेत."



एवढा अभ्यास करून, दिसत होती ती वेणीसुद्धा गेली.