तीन नंबरचा इंजेक्टर

"वायसर, फोन इंजिनाच्या जवळ धर. आणि मध्ये बोलू नकोस."

मिस्त्रीने डोळे मिटले आणि फोन उजव्या कानाशी घट्ट दाबला. डाव्या कानाने त्याला पूर्वीइतकं ऐकू येत नसे, पण हे तो कुणाला सांगत नसे.

वायसर म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी गॅरेजात खिसाभर वायसर गोळा करून खुळखुळत हिंडायची, तेव्हापासून तेच नाव पडलं. आता ती दोन मुलांची आई होती, दूरच्या शहरात राहत होती, आणि तिची सात जणांची मोठी गाडी बारा दिवसांपासून मिसिंग मारत होती, म्हणजे इंजिन मधेच उचकी देत होतं.

समोर कॅरमपाशी डेंटर बसला होता. मिस्त्रीचं गॅरेज चालू असताना हा माणूस तिथे पत्रे ठोकायचा. आता दोघंही रिकामे होते, आणि डेंटर रोज संध्याकाळी सोंगट्या ठोकायला येत असे. त्याने हात लांब करून फोनचा स्पीकर सुरू केला.

"आम्हालाही ऐकू दे की तुझी कीर्ती."

खोलीभर इंजिनाचा आवाज पसरला. धड, धड, धड, आणि मग एक उचकी.

"एक नंबरच्या इंजेक्टरचा कपलर काढ," मिस्त्री म्हणाला. वायरीचा तो जोड सुटला की तेवढा एक सिलिंडर बंद पडतो.

टक्. इंजिन दबलं, थरथरलं.

"लाव परत. आता दोन."

टक्. पुन्हा तसंच.

"आता तीन."

टक्. काही फरक पडला नाही. उचकी होती तशीच राहिली. तेवढ्यात मागून नातीचा आवाज आला, "आई, माझा एक बूट कुठंय?"

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"नात तुझ्यावर गेलीय," डेंटर म्हणाला. "तूही रोज दहाचा पाना हरवायचास आणि शिव्या आम्हाला घालायचास."

बारा दिवसांपूर्वी मिस्त्रीने ही तपासणी मुलीला पहिल्यापासून समजावली होती, अगदी पहिलीतल्या पोरीला शिकवावं तशी. "असं समज, चार जणांनी मिळून खाट उचललीय. एकाने हात काढला की खाट झुकणार. पण ज्याने हात काढला तरी खाट हलत नाही, तो आधीपासूनच नुसता हात लावून उभा होता. तोच आपला चोर." त्या दिवशी तीन नंबरचा इंजेक्टर चोर निघाला. नातीच्या बुटाची शोधाशोध चालू असतानाच तो म्हणाला होता, "पुन्हा एकपासून चारही कपलर काढ आणि हा सगळा आवाज फोनमध्ये भरून ठेव. तुमच्या तिकडच्या मेकॅनिकला ऐकव, म्हणजे तो उगाच चारही बदलणार नाही."

त्या दिवशी दोघं पाऊण तास बोलले. त्याआधी फोन रविवारी यायचा. जेवलात का? हो. गोळ्या घेतल्या? हो. बरं, ठेवते मग. तिची आई गेल्यापासून मिस्त्रीला यापेक्षा जास्त काही सुचत नसे. फोन ठेवल्यावर मात्र बरंच काही सुचे.

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. इंजेक्टर बदलला, तरी गाडी तशीच. मग मिस्त्रीने वायर बघायला सांगितली. मग प्लग, मग कॉइल, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. रोज सहाच्या ठोक्याला फोन यायचा, "केलं बाबा, पण फरक नाही." रोज मिस्त्री पुन्हा चारही कपलर काढायला लावायचा. त्या निमित्ताने बोलण्यात जुन्या गाड्या निघायच्या, जुनी गिऱ्हाइकं निघायची, कधी कधी तिची आईही निघायची.

आज चौथा कपलरही काढून झाला. इंजिनाचा आवाज थांबला.

"काय वाटतं बाबा?" मुलीने विचारलं.

मिस्त्रीने एक सोंगटी उचलून परत ठेवली. इंजिनात तपासायचं आता काहीच उरलं नव्हतं. डेंटर त्याच्याकडे टक लावून बघत होता. चाळीस वर्षं ज्याच्या कानाची लोक शपथ घ्यायचे, त्याच्यावर ही पाळी आली होती.

"अहो ताई," डेंटर फोनकडे वाकला, "मी काय म्हणतो, एकदा उलटं करून बघा. चारपासून सुरू करा."

पलीकडे एकदम शांतता झाली.

"नको!" मिस्त्रीने फोन ओढून घेतला. "वायसर, याचं ऐकू नकोस. हा पत्रेवाला. आपण एकपासूनच करायचं. तू असं कर, उद्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघ. त्याला बारीक भोक असतं, ते बुजलं असेल."

"झाकण," मुलगी म्हणाली. मग जरा हसून, "हो बाबा. बघते. उद्या सहाला करते फोन. तुम्ही जेवा हं."

फोन बंद झाला. डेंटरने स्ट्रायकर खाली ठेवला.

"टाकीच्या झाकणाने एकच सिलिंडर मरतो होय? हे मला पत्रेवाल्यालाही कळतं. आणि ती तर तुझ्या गॅरेजात वाढलीय." त्याचा आवाज खाली आला. "खरं सांग. कान गेले ना तुझे?"

मिस्त्री सोंगट्या मधोमध रचत राहिला.

"जाऊ दे. तिला शोरूमला जायला सांग. पोरांची गाडी आहे, रस्त्यात बंद पडली तर? चारपासून सुरू केलं असतं तर तुझं काय बिघडलं असतं?"

"तिची पंचाईत झाली असती." मिस्त्रीने राणी मध्ये ठेवली, बोटाने हळूच सरळ केली. "गाडी दुसऱ्याच दिवशी नीट झालीय, डेंटर. बारा दिवस माझ्या नातीचा एकच बूट हरवतोय, आणि तोही रोज तिसऱ्याच कपलरला."